बटाट्याची खालची पानं वळून कडक झालीत, बेण्यातच रोग होता का?

पठारकर:
सातगाव पठारावर (आंबेगाव) पाऊण एकर बटाटा आहे. पंजाबचं बेणं मंचरहून आणलं. लागवडीला 35 दिवस झाले. ज्योती वाणाच्या 20-25 झाडांची खालची पानं द्रोणासारखी वर वळलीत, मुठीत दाबली की पापडासारखी वाजतात. शेंडे मात्र सरळ आहेत. शेजारच्या चार सऱ्यांत चिप्सचा वाण आहे, त्याच्या पानांवर शिरांलगत काळे ठिपके पडलेत. दुकानदार म्हणतो खत कमी पडलं, वडील म्हणतात पाणी. मला दोन्ही पटत नाही.

मृणाल_जैवरसायन:
दादा, तुमची शंका रास्त आहे. पर्णवळण विषाणू अन्नवाहिन्यांत मुक्काम करतो. दिवसा पानात झालेली साखर रात्री कंदाकडे उतरायला हवी, ती वाट अडते आणि पानातच स्टार्च साचतो. पान कडक होतं ते त्यानेच, आणि कंद बारीक राहतात तेही त्यानेच. मावा किडीने आत्ता रोग आणला असता तर आधी शेंडा वळला असता. खालून सुरुवात म्हणजे बेण्यातून आलेला.

उजाडायच्या आधी एक वळलेलं आणि एक चांगलं पान तोडा. उकळत्या पाण्यात बुडवून काढा, मग स्पिरिटच्या वाटीत ठेवा. वाटी गरम पाण्यात ठेवायची, आचेवर अजिबात नको. हिरवा रंग उतरला की आयोडीन टाका. स्टार्च साचला असेल तर पान काळंनिळं पडेल.

काळे ठिपके बटाट्याच्या ‘वाय’ नावाच्या दुसऱ्या विषाणूचे असू शकतात, पण आधी करपा रोग नाही ना ते बघून घ्या. काही वाणांत हा विषाणू शिरला की त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक आम्ल वाढतं, आजूबाजूच्या पेशी स्वतःच मरतात आणि विषाणू तिथेच कोंडला जातो. यात उष्णतेचाही खेळ आहे. पोलंडच्या रिवाल वाणात हे 20 अंशांना जमतं, 28 अंशांना विषाणू झाडभर पसरतो.

पठारकर:
मग सॅलिसिलिक फवारलं तर? दुकानात तशी बाटली आहे.

मृणाल_जैवरसायन:
नको, पैसे घालवू नका. रोगट बेण्यातून आलेलं झाड फवारणीने बरं होत नाही. कंदासकट उपटा, आणि या रानातलं बेणं पुढच्या वर्षी ठेवू नका.

पठारकर:
आज पहाटे केलं. वळलेलं पान काळंनिळं पडलं, चांगलं पिवळटच राहिलं. दोन्ही पानं बशीत घालून वडिलांना दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग पाटी घेऊन सरीत उतरले.