म्हाडाच्या जुन्या इमारतीला पुनर्विकासासाठी सरकारी पैसा मिळतो का?

तिसरा_मजला: कन्नमवार नगर, विक्रोळी. तळमजला अधिक तीन, ३२ गाळे, प्रत्येकी २२० चौ. फूट कारपेट. जिन्याखालच्या स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात. काही सभासद म्हणतात दुरुस्ती मंडळ पैसे देईल, काहींना बीडीडी चाळींसारखं सरकारनेच बांधून द्यायला हवंय. रोख अनुदान मिळतं का? स्वयंपुनर्विकासाची (बिल्डरशिवाय, सोसायटीनेच करायचा) सुरुवात कुठून करायची?

चटईक्षेत्र: दुरुस्ती मंडळ विसरा. ते शहर भागातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या. विक्रोळी त्यात बसत नाही. पंतप्रधान आवासचंही तसंच. नावावर पक्कं घर असलं की अपात्र.

बीडीडीत रहिवासी भाडेकरू होते, १६० चौ. फुटांच्या खोलीबदली ५०० चौ. फुटांचं घर मोफत. पण तिथलाही खर्च विक्रीच्या घरांतून भरून काढायचा हिशोब आहे.

तुम्हाला सरकार देतं ते चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या म्हाडा वसाहतींसाठीच्या नियम ३३(५) खाली निर्देशांक ३, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम. निर्देशांक ४ साठी ४,००० चौ. मी. भूखंड आणि १८ मीटर रस्ता लागतो, एकट्या इमारतीचं ते काम नाही. २२० चौ. फुटांवर ३५ टक्के वाढ धरली तर २९७ होतात, पण किमान ३५ चौ. मी. द्यावेच लागतात, म्हणजे ३७७ चौ. फूट. त्यावर ३५ टक्के फंजिबल (निर्देशांकावर मिळणारं जादा क्षेत्र), पुनर्वसनाच्या भागाला अधिमूल्याशिवाय, म्हणजे त्याचं शुल्क न भरता. साधारण ५०८. बिल्डर '५०८ देतो' म्हणाला तर मेहेरबानी समजू नका.

लीजडीड: आधी मोजणी करून घ्या, आर्किटेक्ट नंतर. सीमांकनात भूखंड ४० चौ. मी. कमी निघाला तर निर्देशांक ३ ने १२० चौ. मी., सुमारे १,२९० चौ. फूट बांधकाम गेलं. शेजारी टिट-बिट (स्वतंत्र बांधकामाला न पुरणारा छोटा) तुकडा असेल तर त्याचा अर्जही आत्ताच करा. फाइल अडते ती बहुतेक जुन्या कागदांवर: इमारतीचं विक्रीखत आणि जमिनीचा भाडेपट्टा झालेला नसणं, सेवाशुल्काची थकबाकी, मयत सभासदांच्या वारसनोंदी. बांधकाम परवानगी २०१८ पासून म्हाडाच देते, पालिकेच्या खिडकीवर रांग लावू नका.

तिसरा_मजला: आणि ७९ अ म्हणतात ते काय? कुणी म्हणतो नोटीस येते, कुणी म्हणतो सभा घ्यायची.

चटईक्षेत्र: दोन वेगळी कलमं आहेत, सगळीकडे घोळ होतो. नोटीसवालं म्हाडा कायद्यातलं, उपकरप्राप्त इमारतींसाठी. तुमचं सहकार कायद्यातलं, ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय. १४ दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश गणपूर्ती म्हणजे ३२ पैकी २२, आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्के म्हणजे १७ मतं. सभेचं चित्रीकरण करा.

लीजडीड: स्वयंपुनर्विकासाचा निर्णय वेगळा, १३ सप्टेंबर २०१९ चा. इमारत किमान ३० वर्षांची हवी, तीन वर्षांत काम पूर्ण. कर्जावर ४ टक्के व्याज सवलत त्यात आहे. रोख अनुदानाच्या जवळ जाणारं एवढंच. पण ती खात्यात जमा होईपर्यंत रोखप्रवाहात धरू नका. भाडं, अधिमूल्य आणि जोत्यापर्यंतचा खर्च विक्रीचा पहिला रुपया यायच्या आधीच द्यावा लागतो. कर्ज तेवढं पुरतं का, हे बँकेला आधी विचारा. मुंबई जिल्हा मध्यवर्ती बँक अशी कर्जं देते. जमीन म्हाडाची, त्यामुळे गहाणासाठी म्हाडाचं ना-हरकत लागेल. तो अर्ज ऑफर लेटरच्या (पुनर्विकासाच्या अटी सांगणारं म्हाडाचं पत्र) अर्जासोबतच टाका.