मदत हवी आहे: एमआरआयमध्ये गाठ नाही, तरी पाठीतलं पाणी काढायचं का? (नाशिक)

रात्रीचे अकरा वाजलेत. उद्या दहाच्या आत हॉस्पिटलला हो-नाही कळवायचंय, म्हणून घाईत लिहितेय.

माझी धाकटी जाऊ, वय २८. आम्ही पंचवटीत एकत्र राहतो. दीर नोकरीला चाकणला, शनिवारी येतो, त्यामुळे दवाखान्याची धावपळ माझ्याकडे. दोन महिने तिचं डोकं दुखतंय. पहाटे जास्त, खोकलं-शिंकलं की आणखी. सासूबाईंनी पित्त ठरवून मोरावळा सुरू केला. मीही शहाणी, जागरणं कमी कर म्हणाले. चष्म्याच्या दुकानात तपासलं तर दोन्ही डोळे ६/६. डोळ्यांचा विषय तिथेच संपला.

गेल्या आठवड्यात ती दारात रांगोळी काढत होती. ठिपके मांडून उठली आणि चौकट धरून उभीच राहिली. काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही, जाईल आत्ता." म्हणजे हे आधीपासून होत होतं! वाकून उठलं की चार-पाच सेकंद सगळं राखाडी, मग परत स्वच्छ. शिवाय रात्री उजव्या कानात लांबून गिरणी चालल्यासारखी घरघर, तीही नाडीच्या ठोक्याला ठोका.

कॉलेज रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आत पाहिलं, आणि पहिलं काम काय केलं तर बीपी मोजलं. ते नॉर्मल होतं. म्हणाल्या, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते ती चकती दोन्हीकडे सुजलीय. दोष डोळ्यात नाही, डोक्यातला दाब वाढलेला दिसतोय, आजच न्यूरोकडे जा. नंतर बटण दाबायची ती फील्ड टेस्ट झाली. प्रत्येकाच्या नजरेत एक आंधळा ठिपका असतो, तिचा मोठा झालाय.

एमआरआय आणि शिरांचा एमआरव्ही त्याच रात्री झाला. गाठ नाही, शिरेत गुठळी नाही. रिपोर्टात 'पार्शियली एम्प्टी सेला' लिहिलंय. दिराने फोनवर त्याचा अर्थ सांगितला, तेव्हापासून सासूबाई "डोक्यात काहीतरी रिकामं निघालंय" म्हणून देवापुढे बसल्यात.

न्यूरो म्हणतात, मेंदूभोवतीचं पाणी पाठीच्या कण्यातही असतं, आता ते तिथून काढून दाब मोजायचा. सासूबाईंचं म्हणणं, एमआरआय चांगला आलाय तर सुई कशाला? शेजारच्या कुणाची तरी त्या सुईने कंबर कायमची गेली म्हणे. जाऊ नुसती रडतेय. खरंच एवढा धोका असतो का?

आणि एक. तिच्या कपाटात मुरुमांच्या डॉक्सीसायक्लिनच्या पाकिटाचे रिकामे पत्रे सापडले. तीन महिने घेतेय. वर्षभरात वजनही १२ किलो वाढलंय. गोळ्यांचं कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. हे सांगायला हवं का?

— गोदाकाठची

भूलवाली: ताई, गोळ्यांचं आत्ताच कळवा, सकाळची वाट बघू नका. त्या गटातल्या गोळ्यांनी, तसंच मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनने असा दाब वाढू शकतो. डॉक्टर त्या बंदच करतील.

मी भूलतज्ज्ञ आहे, पाठीत सुया घालणं हा रोजचा धंदा. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या फटीत जाते. तिथे पाण्यात सुटे धागे असतात, ते सहसा बाजूला सरकतात. सिझरच्या वेळी पाठीत भूल देतात ती याच भागात. सासूबाईंना एवढंच विचारा, गल्लीतल्या किती सुनांची कंबर गेली?

एमआरआय चांगला आला म्हणूनच सुई घालता येते. गाठ असती तर आधी पाणी काढणं धोक्याचं. कुशीवर झोपवून दाब मोजतात. २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला आणि पाणी तपासणीत स्वच्छ निघालं की डोक्यातला दाब वाढल्याचं निदान पक्कं. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, पण ते उठून बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं. 'एम्प्टी सेला'ला घाबरू नका. वरच्या पाण्याच्या दाबाने पिट्युटरी ग्रंथी तिच्या खोबणीत चपटी होते, एवढाच त्याचा अर्थ.

सातपूरकर: माझ्या बायकोला चार वर्षांपूर्वी हेच झालं होतं. दाब उतरवायला डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड चालू होईल. त्याआधी मुतखडा, सल्फाची अॅलर्जी, दिवस गेल्याची शंका, यातलं काही असेल तर सांगा. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, घाबरून गोळी बंद करू नका. खरा फरक वजनाने पडला, ८४ वरून ७५. आमची चूक सांगतो: डोकं थांबलं म्हणून एक फील्ड टेस्ट चुकवली. डोकं थांबलं तरी नस सुजलेली असू शकते, आणि ६/६ शेवटपर्यंत ६/६ राहू शकतं, कडेची नजर आधी जाते. नजर झपाट्याने उतरायला लागली तर थांबायचं नाही. मग नसेच्या आवरणाला छेद देतात किंवा शंट, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी, बसवतात.

गोदाकाठची: रात्रीच फोन केला, डॉक्सी बंद. सकाळी सासूबाईंना गल्लीतल्या सुना मोजायला लावल्या. सातव्या नावाला "बरं बरं, जा" म्हणाल्या. दाब ३४ निघाला, पाणी स्वच्छ. डायमॉक्सला आज तिसरा दिवस, बोटांना मुंग्या आहेतच. पंधरा दिवसांनी परत फील्ड टेस्ट, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलीय. संध्याकाळी तिला लिंबू सोडा आणून दिला तर दोन घोट घेऊन म्हणे, "यात गॅसच नाहीये, परत करून या." मी दुकानदाराशी भांडून आले. सातपूरकर, हाही गोळीचाच प्रताप का?

सातपूरकर: हो. विसरलो सांगायला. दुकानदाराची माफी मागा.