मदत हवी आहे: बागेतले उंदीर काय खातात हे त्यांना न मारता कसं ओळखावं? (पणजी)

नमस्कार. मी गोव्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रबंधासाठी पणजीतल्या कांपाल आणि आल्तिन्हो भागातल्या बागांमधले उंदीर घेतले आहेत. घरात शिरणारे नव्हेत, गवतात बिळं करून राहणारे छोटे शेतउंदीर. ते अजून गवताचं बी, किडे आणि पडलेली फळं खाऊन जगतात, की संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांभोवती सांडलेल्या पावावर, हे मला शोधायचं आहे.

विषय सुचला तो न्यूयॉर्कवरच्या एका अभ्यासामुळे. २०१७ साली हॅरिस आणि मुन्शी-साउथ यांनी तिथल्या उद्यानांतले आणि गावाकडचे पांढऱ्या पायांचे उंदीर ताडून पाहिले. शहरी उंदरांत स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाशी संबंधित जनुकांमध्ये फरक सापडला, त्यावरून आहार बदलला असावा असा अंदाज त्यांनी बांधला. पण तो जनुकांवरून काढलेला अंदाज आहे. मला प्रत्यक्ष खाणं बघायचं आहे, तेही कुणाचं पोट न फाडता.

म्हणून लेंड्या तपासायचं ठरवलं. सूक्ष्मदर्शकाखाली गवताच्या सालीच्या पेशी आणि किड्यांच्या कवचाचे तुकडे ओळखता येतात. पाव आणि भात मात्र पचून जातात. म्हणजे रोज रस-ऑम्लेटचा पाव खाणारा उंदीरसुद्धा माझ्या स्लाइडवर रानातलाच दिसणार!

दुसरा मार्ग केसांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंचा; त्यांचं प्रमाण खाण्यानुसार बदलतं. अमेरिकेत माणसाच्या खाण्यात मक्याचा अंश खूप, मका सी-४ वनस्पती (सी-४ आणि सी-३ वनस्पती कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात, म्हणून हे प्रमाण दोन्हींत वेगळं असतं), त्यामुळे उष्टं खाणारा प्राणी तिथे वेगळा उठून दिसतो. आपल्याकडे सगळं उलटं. बागेतली हरळीच सी-४ आणि तांदूळ-गहू सी-३. वडाची फळं, जांभळंही सी-३. मग पाव खाल्ला की जांभूळ, हे एकट्या कार्बनवरून कसं कळणार? जोडीला नायट्रोजनही तपासला तर काही सुटेल का?

शिवाय चिचुंद्र्या त्याच वाटांनी फिरतात. त्या कीटकभक्षी. त्यांच्या लेंड्या नमुन्यांत मिसळल्या तर माझे सगळे उंदीर किडेखाऊ ठरतील. दोन्हींतला फरक खात्रीने कसा करता?

आमिषात रोडामाइन बी हा चमकणारा रंग मिसळून नंतर मिशांत रंगाच्या पट्ट्या शोधण्याची पद्धत कुणी जिवंत पकडून सोडलेल्या शेतउंदरांवर वापरली आहे का? त्यांच्या एवढ्याशा मिशांत पट्ट्या नीट दिसतात का? लेंड्यांतल्या डीएनएवरून आहार ओळखून देणारी, विद्यार्थ्यांना परवडेल अशी प्रयोगशाळा गोव्यात किंवा कोल्हापूर-पुण्याकडे माहीत असेल तर कृपया सांगा.

लेप्टोची भीती असल्याने हातमोजे, मास्क वापरतेच. पावसाळा सरता सरता गवताला बी धरेल, त्याआधी पद्धत ठरवून सरांना दाखवायची आहे. शेतातल्या उंदरांवर काम केलेल्यांचा अनुभवही चालेल, गोव्यातलाच हवा असं नाही.