अमेरिकेत सरकारवर विश्वास नाही, मग मतदानाला एवढी गर्दी कशी?

डिचोलीकर मास्तर
माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या शेजारचे निवृत्त पोस्टमन वॉशिंग्टनहून आलेलं काहीच खरं मानत नाहीत, पण मतदान कधी चुकवत नाहीत. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे हे माझ्या डोक्यातून जात नाही. केंद्र सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करतं, असं १९६४ साली ७७ टक्के अमेरिकन सांगत. २०२३ मध्ये १६ टक्के. आणि २०२० चं मतदान मात्र शतकभरातलं सर्वाधिक, ६६ टक्क्यांच्या आसपास! याचा मेळ कसा घालायचा?

मांडवीकाठ
सर, आपल्या पक्षाचा अध्यक्ष आला की त्या पक्षवाल्यांचा विश्वास वाढतो, दुसऱ्यांचा उतरतो. बरेच जण समोरच्याला रोखायलाच मत देतात.

म्हापशाची सून
मास्तर, मला त्या पोस्टमनकाकांचं पटतं. टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाला, असं १९६४ मध्ये सांगून अध्यक्ष जॉन्सननी व्हिएतनामच्या युद्धासाठी संसदेकडून मोकळीक घेतली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. अलाबामात टस्कीगीला १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या गरीब काळ्या माणसांना नुसतं तपासत ठेवलं. पेनिसिलिन आलं, तरी दिलं नाही. त्यांना आजाराचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं हो! हे वाचल्यावर विश्वास ठेवा म्हणून कुणाला कसं सांगायचं?

पण वॉटरगेटनंतर, म्हणजे अध्यक्ष निक्सनना खुर्ची सोडायला लावणाऱ्या त्या घोटाळ्यानंतर, १९७४ मध्ये, त्यांच्या संसदेने माहितीचा कायदा कडक केला आणि अध्यक्ष फोर्डनी नकाराधिकार वापरला तेव्हा तोही मोडून काढला. मला अविश्वास हवा तो असा. आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर परक्याचं नाव चढलं होतं. कार्यालयात विचारलं की "फाइल मिळत नाही, पुढच्या आठवड्यात या". शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. फाइल त्याच खोलीतल्या कपाटातून निघाली. फेरफाराच्या कागदावर सही होती, तारीख नव्हती. गोव्यात हा कायदा १९९७ मध्येच आला, केंद्राच्या आठ वर्षं आधी, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

डिचोलीकर मास्तर
बाई, तुम्ही कागद बघून जे दिसलं ते मान्य केलंत. तिकडे २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जिया राज्यात जवळपास ५० लाख मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजल्या, विजेता तोच राहिला. तरी निवडणुकीचा निकाल खोटा म्हणत ६ जानेवारी २०२१ ला जमाव संसदेत घुसला. कागद दाखवूनही जो मानत नाही, त्याचं काय करायचं?

म्हापशाची सून
त्याला मोजणीच्या टेबलापाशी आणायचं. तिकडे निवडणुका बहुतेक ठिकाणी काउंटीच, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासनच, चालवते आणि मतदान केंद्रांवर कामाला गावातलेच लोक लागतात. भाचीला सांगा, काकांना काउंटीत या कामासाठी नाव नोंदवायला लावू दे. पुढच्या निवडणुकीत मतदारांची यादी त्यांच्याच हातात असेल.