दहा हजारांचा कॉम्प्युटर घरोघरी का गेला नाही? (उत्तर लांबलंय)

जुना_असेंबलर:
परवा इथे एकाने लिहिलं की 2005 मध्ये एचसीएल कंपनीने 9,990 रुपयांत कॉम्प्युटर आणला, तरी आपल्या मध्यमवर्गाने तोंड फिरवलं, कारण स्वस्त वस्तू घेतली की चारचौघांत नाक खाली जातं. वाचून डोकं फिरलं. तिथे चार ओळीत भागणार नव्हतं म्हणून वेगळा धागा.

मी 1998 पासून नऊ वर्षं नगरला पीसी जोडून विकले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग उचलायचे आणि रात्रीच्या एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन बसायचं. गिऱ्हाईक म्हणजे पतपेढीचं कर्ज काढून आलेले मास्तर, नाहीतर पोस्टातले कारकून. नाक खाली? अहो, त्यांचा पहिला प्रश्न 'केवढ्याला' हासुद्धा नसायचा. 'बिघडला तर कोण येणार?' मी म्हणायचो, मी येणार. तिथेच सौदा व्हायचा.

दहा हजारांच्या आतला पीसी हा आग्रह तेव्हाचे केंद्रीय आयटी मंत्री दयानिधी मारन यांचा. आकडा दिल्लीत ठरला. डब्यात 128 एमबी रॅम आणि विंडोजऐवजी लिनक्स. इकडे पोरगं एमएससीआयटीच्या क्लासला जाऊन वर्ड-एक्सेल शिकून येतंय, घरी लिनक्स बघून करणार काय? आणि दुरुस्तीला सर्व्हिस सेंटर पुण्यात.

सदाशिवपेठी_वहिनी:
'मी येणार' वाचून हसू आलं. आमचा नाही आला. 1999 मध्ये बाबांनी 42 हजार मोजले. 64 एमबी रॅम ठरली होती. महिन्याभराने भावाने माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तर 32. दुकानात गेलो तर शटरला कुलूप. बाबांनी रॅम हा शब्द पुढे आयुष्यभर शिवीसारखा वापरला.

आणि तुमची तुलनाच लबाडीची आहे. तुम्ही विंडोज कितीला घालत होतात? फुकट! मार्करने नाव लिहिलेली सीडी. कंपनीला ते करता येत नाही, म्हणून 9,990 मध्ये लिनक्स आलं. चोरीच्या मालाशी स्पर्धा करायची आणि वर गिऱ्हाइकाची नस ओळखल्याचा आव आणायचा.

जुना_असेंबलर:
पायरसी मान्य. घाला बेड्या. पण मग मायक्रोसॉफ्टने त्यावर काय काढलं तेही सांगा ना. विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन, 2005 मध्ये, हिंदीत. एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे, चौथा नाही. नवख्या माणसाला गोंधळायला नको म्हणे! पहिल्यांदा घेणाऱ्याला मठ्ठ समजणं म्हणतात ते हे. 32 एमबीवाला मी नव्हे, त्याचं पाप माझ्या माथी नको.

लातूरकर88:
हिंदीत आली यातच सगळं आलं. मराठीचं काय? वडील भजनी मंडळाचे चिटणीस. कॉम्प्युटर घेतला तो अहवाल मराठीत टाइप करायला. विंडोज 98, त्यावर विकतचा फॉन्ट. महिनाभर खपून 40 पानं केली, फ्लॉपी प्रेसमध्ये नेली, तर पडद्यावर 'ÖãÖ' असलं काहीतरी. प्रेसवाल्याचा फॉन्ट वेगळा! माणूस रिक्षात एक शब्द बोलला नाही. कॉम्प्युटरच्या जाहिरातीत टाय लावलेलं पोरगं, पण मराठी अक्षर एकात तरी दिसलं का?

सदाशिवपेठी_वहिनी:
एक्सपीत युनिकोड होतं की, कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षर तेच राहतं. रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन एक टिक करायची.

लातूरकर88:
टिक केली की एक्सपीची सीडी घाला म्हणायचं. सीडी कुठे? ह्या असेंबलर साहेबांच्या बॅगेत!

जुना_असेंबलर:
हे मात्र बरोबर. सीडी आम्ही ठेवत नसू, ओरखडे पडायचे. फोन आला की घेऊन जायचो, चहा व्हायचा. (वहिनी, हसू नका.)

इनस्क्रिप्ट_अभिमानी:
फॉन्टच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला हवा होता. सरकारी प्रमाण आहे, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी, पंधरा दिवसांत हात बसतो. 'mi ghari aahe' टाइप करून मराठी उमटवणारे मला मराठीद्रोही वाटतात.

लातूरकर88:
द्रोही? वडील 61 वर्षांचे होते, अन्‌ लोडशेडिंगमध्ये दिवसातले चार तास वीज. पंधरा दिवस म्हणजे तुमच्या पुण्यातले की आमचे? शब्द मागे घ्या.

इनस्क्रिप्ट_अभिमानी:
वीज नव्हती हा कीबोर्डचा दोष नाही.

खानदेशी_सून:
भांडा तुम्ही. जाहिरातींचा विषय निघालाय म्हणून सांगते, 'मुलांच्या उज्ज्वल भविष्यासाठी' हे सगळ्यात खोटं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटर दिरांच्या बारावीसाठी आला. दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, एरवी वर फुलाफुलांचं प्लॅस्टिक कव्हर. दिरांनी त्यावर फक्त क्रिकेट खेळलं. रोज वापरल्या त्या सासूबाई. भिशीचा आणि पापडाच्या ऑर्डरींचा हिशोब एक्सेलमध्ये. बेरजेचं सूत्र मी एकदाच दाखवलं, नंतर त्याच मला चुका दाखवायच्या. एका तरी जाहिरातीत अशी बाई दिसली का? पापडवालीला विकायला गेले असते तर चौकशी तिनेच केली असती, अन्‌ दरही पाडून घेतला असता.

जुना_असेंबलर:
सूनबाई, हे पटलं. माझ्याही दुकानात बाई मागच्या खुर्चीवर बसायची आणि मी नवऱ्याशी बोलायचो. मूर्खपणा.

सदाशिवपेठी_वहिनी:
अरे वा, कबुली! तारीख लिहून ठेवते. मीही एक देते: बाबांच्या पीसीची हार्डडिस्क गेली तेव्हा ब्रँडेडवाल्या शेजाऱ्यांचाही मॉनिटर कंपनीत जाऊन पडला होता, दीड महिना. वॉरंटीत होता. आमची डिस्क तिसऱ्या गल्लीतल्या पोराने संध्याकाळी बसवली. पण तो तुम्ही नव्हतात.

लातूरकर88:
मूळ मुद्दा राहू द्या, 'द्रोही' शब्द अजून मागे घेतलेला नाही.

इनस्क्रिप्ट_अभिमानी:
वडिलांबद्दल नव्हतं ते. बरं, मागे. आता लिहितात का ते मराठीत?

लातूरकर88:
लिहितात. मोबाईलवर बोटाने गिरवून. लॅपटॉपवर मीच इनस्क्रिप्ट घालून दिलंय, त्यांना तुमचं नाव सांगणार नाही. ळ सापडत नाहीये.

इनस्क्रिप्ट_अभिमानी:
शिफ्ट दाबून एन.