मदत हवी आहे: आईची स्मरणशक्ती जातेय, आणि गोळी रिसेप्टर अडवणारी?

मंगळवारपेठी: आईला अल्झायमर. परवा नवी गोळी सुरू झाली, मेमँटीन. वाचलं तर ती मेंदूतला एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं निरोप घेणारं दार, अडवते. आणि आठवण पक्की व्हायला हाच रिसेप्टर लागतो म्हणे! मग अडवायचा कशाला? त्यात काल रात्री दोनला चहाचं पातेलं देव्हाऱ्यात ठेवून हात जोडून बसली होती. गोळी बंद करू का? आज सांगा.

उद्यमनगर_लेथ: वय? डोस? आधीचं औषध? किडनी? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

मंगळवारपेठी: ७४. ५ मिग्रॅ. डोनेपेझिल, तेही अल्झायमरचंच, दोन वर्षं चालू आहे. किडनी ठीक. पण मी रिसेप्टरचं विचारलंय.

उद्यमनगर_लेथ: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात. इथं रिसेप्टर म्हणजे दार, त्याला मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट, म्हणजे पेशींमधलं निरोप पोचवणारं रसायन, आलं, पेशी नीट चेतली, की बूच निघतं, कॅल्शियम आत येतं आणि आठवण पक्की होते. या आजारात ग्लुटामेट रेंगाळतं, दार गळत राहतं आणि झिरपणारं कॅल्शियम पेशी मारतं, असं मानतात. मेमँटीन गळती अडवतं, खरा लोंढा आला की बाजूला होतं. दाराला भिंत घालत नाही. आजार मात्र बरा होत नाही त्यानं.

बावडेकर: एवढं कशाला? आमची आत्या ब्राह्मीच्या तुपानं महिन्यात माणसं ओळखायला लागली.

उद्यमनगर_लेथ: आत्याचं बी-१२ तपासलं होतं?

बावडेकर: कमी होतं. इंजेक्शनं दिली की. पण गुण ब्राह्मीचाच.

उद्यमनगर_लेथ: 🙏

मिसळ_दोन_पाव: आईंना संध्याकाळी रंकाळ्यावर न्या, बरं वाटंल. तिथं गाडी लावायचं मात्र लई अवघड झालंय.

औषधवाला: दुकानात रोज बघतो म्हणून विचारतो. खोकल्याचं काही चालू आहे का?

मंगळवारपेठी: चार दिवस झाले. घरात उरलेली बाटली होती. त्याचा काय संबंध?

औषधवाला: लेबल वाचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर तेही याच रिसेप्टरवर बसतं, मेमँटीनसोबत टाळतात. क्लोरफेनिरामाईन असेल तर ते डोनेपेझिलच्या उलट ओढतं. नव्या गोळीनंही गोंधळ होऊ शकतो, म्हणून मनानं काही ठरवू नका. सिरप थांबवा, बाटली घेऊन डॉक्टरांकडं जा, आजच.

मंगळवारपेठी: दोन्ही आहेत. बारीक अक्षरात. फोन लावतोय.

बावडेकर: म्हणून म्हणतो, खोकल्याला अडुळसा.