माळ्यावरचा डबा

मी: काल डोंबिवलीच्या घरी माळा आवरला. आजीच्या मोठ्या पातेल्यामागे निळा बिस्किटांचा डबा सापडला. आत ३७ टाझो (चिप्सच्या पाकिटात मिळायच्या त्या चकत्या), बिनाकाचा हत्ती आणि आपली लाल गाडी, मिकीवाली! एका टाझोच्या खाचेत चिप्सचा मसाला अजून चिकटलेला आहे. फोटो टाकतेय.

ताई: अगं, टाझो टाकू नकोस हं! खाचेत खाच अडकवून मी मनोरे करायचे. २००३ ला कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झालं आणि वर्गात सगळ्यांना वेडच लागलं. एका पिकाचूसाठी मी तीन टाझो दिले होते.

आत्या: हत्ती माझा. टूथपेस्टच्या खोक्यात निघालेला. जुनी ट्यूब संपायच्या आत नवं खोकं फोडायचो आणि आईचा मार खायचो.

काका: आमच्या वेळी गोल्ड स्पॉट या थंड पेयाची बुचं. आतल्या बाजूला जंगल बुकची चित्रं असायची. कोपऱ्यावरच्या इराण्याला सांगून ठेवलं होतं, बुचं फेकू नका म्हणून.

दादा: काका, माझं जंगल बुक म्हणजे १९९३ चा रविवार आणि दूरदर्शन. कार्टून जपानचं, पण शेर खानला आवाज नाना पाटेकरांचा! आजी स्वयंपाकघरातूनच ओळखायची. गाडी पळते का गं?

मी: पळते, पण जेमतेम हातभर. मागचं एक चाक अडतंय.
दादा, आठवतंय ना? १९९९ ची मे महिन्याची सुट्टी. आजोबा आपल्याला दादरला लोकल बदलून वांद्र्याला घेऊन गेले होते. मुंबईतलं पहिलं मॅकडोनल्ड्स तेच, १९९६ चं. खेळणी काउंटरजवळ काचेत मांडलेली होती आणि तू काचेला नाक लावून उभा होतास. आजोबांनी आलू टिक्कीबद्दल दोनदा विचारलं, 'बटाटाच ना नक्की?' हॅपी मील एकच घेतलं, बाकी सगळ्यांना साधे बर्गर. खेळणं एक, आपण तिघं. ठाणं येईपर्यंत भांडत होतो.

ताई: आणि आजोबा डोंबिवलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मी: घरी येऊन त्यांनी काय केलं ते डब्याच्या तळाशी आहे. कालनिर्णयचं घडी घातलेलं पान, मागे त्यांचं अक्षर:
सोम, मंगळ – थोरला
बुध, गुरू – मधली
शुक्र, शनि – धाकटी
रवि – दुरुस्ती

आत्या: बाबांचंच अक्षर. अगदी ड्यूटीचा तक्ता लावल्यासारखं. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात जन्म गेला त्यांचा. रविवारी दुपारी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ती गाडी उघडायचे, आईच्या शिवणाच्या मशीनचं तेल काडीने एकेक थेंब सोडायचे. तुम्ही तिघं ओळीने बसलेले, कुणी हात लावायचा नाही.

ताई: माझं मनापासून म्हणणं आहे, हे वाटून घेऊ नका. टाझो माझे, हत्ती आत्याचा, सगळं कबूल. पण डबा एकच राहू दे, त्या पानासकट.

आत्या: राहू दे. हत्तीसुद्धा.

दादा: आज रविवारच आहे. मशीनचं तेल आहे का घरात?

मी: आहे. पण खालचा स्क्रू गंजलाय. काका, तुमचा घड्याळाचा बारीक स्क्रूड्रायव्हर?

काका: निघालोच. मी येईपर्यंत उघडू नका.